अप्पांच्या हुंकाराचे हक्क

तीर्थस्वरूप दादास,

धाकट्या बहिणीचा साष्टांग नमस्कार. (त्यातला डावा गुडघा मशीनचं पायडल मारून मारून कामातून गेलाय, तेव्हा उरलेल्या अंगांवर भागवून घे.) आम्ही दोघी इकडे ठीक आहोत. आईचं ऐकणं आणखी कमी झालंय आणि बोलणं त्या मानाने वाढलंय, म्हणजे घरातला आवाज एकूण तेवढाच आहे. तुझा रक्तदाब कसा आहे? वहिनीने तुझं मीठ बंद केल्याचं कळलं, आणि तू ऑफिसच्या खणात खारे दाणे लपवून ठेवतोस असंही कळलं. (कुणाकडून ते सांगणार नाही, पण तुझी मुलगी मोठी गुणी आहे.) तब्येतीला जप. तुझ्यावाचून मला या जगात रागवायला हक्काचं माणूस नाही.

पत्र बघून दचकू नकोस, कुणालाही काहीही झालेलं नाही. फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते, हा आपला लहानपणापासूनचा करार आहे. त्यात मला जे सांगायचंय ते शिरायला फट सापडत नाही. ई-मेल करावी म्हटलं, तर ती कोण कुणाला पुढे पाठवेल याचा मला आता भरवसा राहिलेला नाही. त्यापेक्षा कागद बरा. कागद न्यायचा तर माणसाला निदान घरात तरी यावं लागतं.

तर आधी कडू घोट घेऊन टाकते. तुझं बरोबर होतं. (हे वाक्य कापून फ्रेममध्ये लावू नकोस. वहिनीला दाखवलंस तरी मी नाकबूल करीन.) तू सुट्टीला आला होतास तेव्हा दुकानात कटिंगच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मला तो ब्लॉग काढून दिलास, ‘उसवण’ नावाचा. मी म्हटलं होतं, माझ्याकडे लिहिण्यासारखं काय आहे, मी जुने कपडे उसवते आणि पुन्हा शिवते. तू म्हणालास, मग तेच लिही. आणि मी लिहायला लागले. दरवर्षी तीच पॅंट कमरेत सैल करून घेणारे आणि दरवर्षी ‘कापड फार आटतं हो’ म्हणणारे गृहस्थ, मेलेल्या नवऱ्याचा कोट स्वतःच्या मापाचा करून मागणारी बाई आणि तिने खांदे मात्र तसेच ठेव म्हणून सांगणं, असं जे जे हाताखालून जायचं ते. आता मुद्द्याचं. तू त्या पानाच्या तळाशी ‘सर्व हक्क लेखिकेकडे’ असं टाइप करत होतास, आणि मी इतकी हसले की सुईतला दोरा निघाला. फाटक्या खिशांच्या गोष्टी कोण चोरणार, असं म्हणून मी तुला अप्पांच्या खिळ्यावर व्याख्यान दिलं होतं. आठवतंय ना?

मला तर शब्द न् शब्द आठवतोय, आणि प्रत्येक शब्द आठवला की कान गरम होतात. अप्पांचे कोटाचे, वास्कटाचे, बाह्यांचे कागदी नमुने एका खिळ्याला टांगलेले असायचे. बाजारातला कुठलाही टेलर यायचा, लागेल तो नमुना न्यायचा, आपल्या कापडावर आखून घ्यायचा आणि परत आणून टांगायचा. अप्पांनी कधी कुठल्या नमुन्यावर कुलूप लावलं नाही, मग त्यांच्या मुलीने चार ओळींवर लावायचं? (व्याख्यान देताना माझा हात कमरेवर होता, हेही मला आठवतंय.) मी तुला सांगितलं, लिही: ‘इथलं कुणीही न्यावं, कुठेही वापरावं, हवं तसं बदलावं, नाव घालायची गरज नाही.’ तू म्हणालास, अगं नाव तरी राहू दे. मी म्हटलं, नमुन्यावर कुठे कुणाचं नाव असतं? तू खांदे उडवलेस आणि मी सांगितलं ते टाइप केलंस. अप्पा खिडकीशी बसून काजं करत होते. त्यांनी तोंडातल्या टाचण्यांमधून ‘हं’ केलं. कोणतं ‘हं’ ते मी नीट ऐकलं नाही. आपण मोठेपणा करत असलो की कान कामाला येत नाहीत.

पुढे अप्पा गेले. तू येऊन गेलास, दिवस सरले, आणि दुकान उघडल्यावर मला पहिल्यांदा कळलं की दुकानात आवाज नाही. मशीन आहे, कात्री आहे, रस्ता आहे, पण तो एक आवाज नाही. मग मी ते लिहिलं. अप्पांच्या तोंडात जन्मभर टाचण्या, म्हणून आपल्याशी ते बोलले ते बहुतेक ‘हं’मध्येच, आणि त्यातलं कुठलं म्हणजे काय हे आपण शाळेच्या आधी शिकलो. तुटक आणि वर जाणारं म्हणजे होय. लांब आणि खाली उतरणारं म्हणजे आईला विचार. मधे ठेच लागल्यासारखं अडखळणारं गिऱ्हाइकांसाठी, म्हणजे उद्या या. आणि नाकातून येणारं म्हणजे खोटं बोलतोयस हे कळलंय, पण चालू दे. तुझी गोष्टही मी त्यात घातली होती, ट्रायलच्या पडद्यामागून तू अप्पांचं ‘होय’वालं ‘हं’ इतकं हुबेहूब केलंस की बँडमास्तरांना वाटलं, अप्पांनी अख्ख्या बँडचे कोट शनिवारपर्यंत द्यायचं कबूल केलं. अप्पा तुला रागावले नाहीत. ‘हं’ आपल्या दुकानातून निघालंय, आता ते पाळायला हवं, एवढंच आईला म्हणाले, आणि शनिवारपर्यंत घरातलं झाडून सगळं माणूस बटणं लावत बसलं. लिहिताना मी रडले, लिहून झाल्यावर बरं वाटलं, आणि मी ते ब्लॉगवर टाकून दिलं. तळाशी तुझी (म्हणजे माझी) ती ओळ होतीच.

पहिला धक्का भोंगाकाका गेले तेव्हा बसला. तुला भोंगाकाका आठवतात ना, वापरलेल्या फर्निचरचा लिलाव करायचे ते? माणूस लाखातला, पण आवाज असा की घरात चहा मागितला तर नाक्यावरचा चहावाला घेऊन यायचा. तर त्यांच्याच गोदामाच्या वरच्या हॉलमध्ये शोकसभा होती. मुलगा उभा राहिला, खिशातून मोबाइल काढला आणि वाचायला लागला की माझे बाबा फार कमी बोलायचे. हॉलमध्ये जी शांतता पसरली ती दुःखाची नव्हती. मग तो म्हणाला, त्यांच्या तोंडात कायम टाचण्या असायच्या. माझ्या शेजारचे सुतारकाका माझ्याकडे झुकून हळूच विचारते झाले की लिलावात टाचण्या कशाला लागतात. भोंगाकाकूंनी तर मान वळवून टेबलावरच्या फोटोकडे बघून घेतलं, आपण बरोबर सभेला आलोय ना म्हणून. आणि तो बिचारा एकेक ‘हं’ करून दाखवत होता. आवाज बापाचा घेतलेला, त्यामुळे ‘आईला विचार’ असं सांगणारं ‘हं’सुद्धा हातोडा आपटल्यासारखं पडत होतं.

खोटं कशाला सांगू दादा, मला आधी बरं वाटलं. आपलं लिहिलेलं कुणाच्या तरी अशा वेळी कामी आलं, हे काही कमी नाही. सभा संपल्यावर तो माझ्याजवळ आला, डोळे पुसले आणि म्हणाला, काकू, बाबांवर लिहायला बसलो आणि आपोआप सुचत गेलं. मी म्हटलं, छान लिहिलंस. दुसरं काय म्हणणार? नाव घालायची गरज नाही हे मीच लिहून ठेवलेलं, आणि तो तर अगदी आज्ञाधारकपणे वागला होता.

त्यानंतर मात्र रांगच लागली. कोणाच्या ग्रुपवर, कोणाच्या वर्तमानपत्रात, कोणाच्या वर्षश्राद्धाच्या निमंत्रणावर, जो उठतो त्याचा बाप ‘हं’ करतोय. (मला ही पत्रकं कोण दाखवायचं? गिऱ्हाइकंच. ‘तुमच्या अप्पांसारखेच होते बघा हे’ असं म्हणून.) बँकेतल्या एका साहेबांच्या मुलाचं तेवढं जमून गेलं, कारण बँकेतही टाचण्या असतात. पण दातांच्या एका डॉक्टरांनी वडिलांवर लिहिताना, वडीलही दातांचेच डॉक्टर, ‘हं’ तसंच ठेवलं आणि तोंड तेवढं पेशंटचं केलं. पोहायला शिकवणाऱ्या एका सरांच्या मुलीने टाचण्यांच्या जागी शिट्टी घातली. (शिट्टी तोंडात धरून ‘हं’ केलं तर काय होतं ते एकदा करून बघ, पण ऑफिसात नको.) एकाने तर बँडमास्तरांसकट सगळं उचललं होतं. त्याचे वडील रेल्वेत सिग्नलवर होते, याने पडद्यामागून ‘हं’ केलं आणि गाडी सुटली. मी ते वाचून पोट धरधरून हसले आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं.

कारण गंमत कितीही म्हटली तरी एक गोष्ट हळूहळू व्हायला लागली होती. मला अप्पांची आठवण आली की ती आता माझ्याकडे थेट येईना. आधी भोंगाकाकांचा मुलगा यायचा, मग शिट्टीवाले सर, मग सिग्नलवाले, आणि सगळ्यांच्या मागे कुठेतरी अप्पा, दारात चपला फार झाल्या म्हणून बाहेरच थांबल्यासारखे.

आणि मग समोर फलक लागला. आपल्या दुकानाच्या अगदी समोर, जिथे पूर्वी घड्याळजींचं दुकान होतं त्या इमारतीवर, तयार कपडे विकणाऱ्या कंपनीचा. हो, तयार कपडे. ज्यांचं नाव निघालं की अप्पा कात्री खाली ठेवायचे, ते. फलकावर एक पिकल्या केसांचा देखणा माणूस, गळ्यात टेप, तोंडात एवढ्या टाचण्या की ‘हं’ करायला फट नाही, आणि खाली लिहिलेलं: ‘बाबांचं ‘हं’. आता सगळ्या मापांत.’ बरं, तो माणूस हसतोय. तोंडात टाचण्या असताना हसता येत नाही दादा. अप्पांना दुकानात कधी हसताना पाहिलं नाही म्हणून तू त्यांना कडक म्हणायचास ना, ते कडक नव्हते, त्यांना टाचणी घशात जायची भीती होती.

मी उठले आणि तडक त्यांच्या दुकानात गेले, गळ्यात टेप तशीच. काचेच्या खोलीतला मॅनेजर फार सभ्य निघाला. (सभ्य माणसाशी भांडणं हा सगळ्यात मोठा वैताग आहे.) त्याने मला बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं, आणि मग त्याच्या मोबाइलवर माझाच ब्लॉग उघडून तळाची ओळ मला वाचायला दिली. न्यावं, वापरावं, बदलावं, नाव नको. मी म्हटलं, हो, हे मीच लिहिलंय. तो अतिशय नम्रपणे म्हणाला, कशावरून? आता घ्या. ब्लॉगवर माझं नाव नाही, फोटो नाही, ‘उसवण’ एवढंच. म्हणजे चोरलं म्हणावं तर मीच दिलेलं, आणि दिलं म्हणावं तर ती मीच हे दाखवता येईना. निघताना त्याने मला आठवण म्हणून कंपनीचं नाव छापलेली एक भेट दिली. मापाची टेप. मला.

इथपर्यंत मी तुला कळवलं नव्हतं, कारण तू ‘मी सांगितलं होतं’ असं म्हणाला असतास, आणि ते तू ज्या सुरात म्हणतोस तो सूर मला सोसत नाही. पण अप्पांच्या वर्षाच्या सभेत जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. तू रजा मिळाली नाही म्हणून आला नाहीस, ते एका परीने बरंच झालं.

सभा टेलर मंडळींच्या संघटनेने ठेवली होती, त्यांच्याच हॉलमध्ये, जिथे भिंतीला अजून जुन्या कोटांची चित्रं आहेत. अध्यक्ष आपले वास्कटवाले काका. आई पहिल्या रांगेत. मला म्हणाले, तू मुलगी, दुकानही तूच चालवतेस, दोन शब्द तूच बोल. मी नवीन काही लिहायला कितीदा बसले, पण अप्पांबद्दल जे जे आठवायचं ते त्याच शब्दांत यायचं. होतं नव्हतं ते सगळं मी तिथे घालून बसले होते. शेवटी म्हटलं, माझंच आहे, माझ्याच बापाचं आहे, मी का वाचू नये? आणि तेच कागदावर उतरवून घेऊन गेले.

दुसऱ्याच वाक्याला दुसऱ्या रांगेतल्या एका बाईंचे ओठ माझ्याबरोबर हलायला लागले. तिसऱ्या वाक्याला मागे कुणीतरी कुजबुजलं. मी पहिलं ‘हं’ केलं, ते तुटक, वर जाणारं, आणि मागच्या बाकांवर दबून हसू फुटलं, कोणीतरी म्हणालं की जाहिरातीतलं आहे. मी वाचत राहिले. थांबले असते तरी कुठे जाणार होते? वाचून झाल्यावर वास्कटवाले काका उठले. ते रागावले नाहीत, रागावले असते तर मी चार शब्द ऐकवले तरी असते. ते अगदी मायेने म्हणाले की पोरी, आपल्या धंद्यात दुसऱ्याच्या नमुन्यावरून कापणं हे काही पाप नाही, तुझ्या बापाच्या खिळ्यावरचे नमुने मीही नेलेत. पण बापाचा शेवटचा कोट तरी माणसाने तयार घेऊ नये. लोकांना ते फार पटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईला काहीच ऐकू आलं नव्हतं, सगळे वाजवतायत म्हणून तिनेही वाजवल्या, माझ्याकडे बघून, कौतुकाने.

मला तिथे म्हणायचं होतं की तो कोट मीच शिवलाय, तुम्ही सगळे जो घालून फिरताय तो. पण मी कागदाची घडी घातली आणि आईशेजारी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आपले वकील कोट सैल करायला आले. (तेही दरवर्षी येतात. त्यांचंही कापड आटतं.) मी पाठीला टाचण्या लावता लावता त्यांना सगळं विचारलं. ते म्हणाले, लिहिलंत त्या क्षणी हक्क तुमचाच होता, त्यासाठी कुठे शिक्का मारून आणायची गरज नसते. आणि द्यायचं तर देण्याचेही प्रकार असतात. नुसतं वाचायला द्या, छापायला द्या पण नाव ठेवा म्हणा, धंद्यासाठी नको म्हणा, बदलू नका म्हणा. तुम्ही मात्र ताग्यासकट दुकानच देऊन टाकलंत. ती ओळ आज बदललीत तर पुढच्याला अडवता येईल, गेलेलं ते गेलं. मी म्हटलं, पण मला ना ते विकायचं होतं, ना कुणाला कोर्टात खेचायचं होतं. बाप गेलेल्या पोराला नोटीस पाठवायची का मी? मग हक्क ठेवून करायचं काय? वकील आरशात स्वतःच्या पोटाकडे बघत म्हणाले, दुसरं काही नाही, लोकांना विचारायला यावं लागलं असतं.

दादा, हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. भोंगाकाकांचा मुलगा विचारायला आला असता तर मी काय नाही म्हटलं असतं? त्याला समोरच्या स्टुलावर बसवलं असतं, पाणी दिलं असतं, आणि विचारलं असतं की अरे, तुझे वडील कसे होते? तू घरी आलास की काय म्हणायचे? मला माहितीये काय म्हणायचे, अख्ख्या गल्लीला माहितीये. जेवायला हाक मारताना ‘एक वार, दोन वार’ करायचे, आणि तिसऱ्या वाराच्या आत तो पोरगा तीन जिने चढून ताटावर असायचा. एवढा सोन्यासारखा बाप घरात असताना त्याने माझा टाचण्यावाला नेला. म्हणजे त्याचा त्याला मिळाला नाही आणि माझा माझ्याकडे राहिला नाही. नमुना कुणालाही द्यावा, पण माप ज्याचं त्याचं घ्यावं लागतं, आणि घेणारा समोर उभा राहिल्याशिवाय ते घेता येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं. जाहिरातीपेक्षा, टाळ्यांपेक्षा याचं जास्त.

संध्याकाळी हे सगळं मी आईला सांगितलं. (म्हणजे खालच्या मजल्यालाही सांगितलं.) आईने शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, तो खिळा कुठे होता आठव. मी म्हटलं, कुठे म्हणजे, दुकानात. दुकानात कुठे, असं तिने विचारलं, आणि मग मला दिसलं. खिळा बाहेर नव्हता. खिळा अप्पांच्या खुर्चीच्या मागे होता. नमुना काढायचा तर माणसाला आत यावं लागायचं, अप्पांचे पाय ओलांडावे लागायचे, आणि अप्पा त्याच्यासाठी, फक्त त्याच्यासाठी, तोंडातल्या टाचण्या काढून ठेवायचे. कुणासाठी नेतोस, खांदे उतरते आहेत का, पाठीत वाकतो का, सगळं विचारायचे. वास्कटवाल्या काकांना एकदा त्यांनी सांगितलं होतं की हा नको नेऊस, तुझ्या गिऱ्हाइकाला तो बसणार नाही. आईने मग हेही सांगितलं की तू ब्लॉग काढून दिलास त्याच रात्री अप्पा तिला म्हणाले होते, पोरगी दार उघडं टाकतेय, खिळा आत आहे हे विसरली. मी म्हटलं, मग तू मला तेव्हाच का नाही सांगितलंस? तर म्हणाली, तू विचारलंस कुठे.

तर असं आहे. बाकी सगळं ठीक. वहिनीला नमस्कार, गुणी मुलीला आशीर्वाद, आणि दाणे कमी खा.

तुझी,
धाकटी

ता. क. ब्लॉगचा पासवर्ड तुझ्याकडेच आहे. तू करून दिलेल्या सोयीने मी नुसतं लिहून मेल करायचे आणि ते पानावर चढायचं, म्हणून मी तो कधी विचारलाच नव्हता. तळाची ती ओळ काढून टाक आणि तू आधी लिहीत होतास तीच घाल. खाली एवढं जोड: ‘हवं असेल तर येऊन विचारा. बहुतेक हो म्हणेन, पण आधी तुमचं माप घेईन.’ नावही घाल. माझं, आणि अप्पांचं.

ता. क. २. हे पत्र कुणाला वाचून दाखवू नकोस, फोटो काढून ग्रुपवर टाकू नकोस. वहिनीने वाचलं तर चालेल, पण मनात. आणि पुढेमागे माझ्यावर दोन शब्द बोलायची वेळ तुझ्यावर आली, तर बाबा रे, स्वतःचं काहीतरी लिही. माझ्या तोंडातही हल्ली टाचण्या असतात, हे सोडून.

ता. क. ३. पत्र खरं यासाठी लिहिलं. एक ‘हं’ मी लिहिलं नव्हतं. मुद्दाम वगळलं असं नाही, ते इतकं रोजचं होतं की लिहायचं सुचलंच नाही. आपण बाहेरून आलो, दारात ‘आले’ म्हटलं, की मान वर न करता जे करायचे ते. ते कुठल्याच सभेत नाही, कुठल्याच फलकावर नाही, ते तेवढं अजून घरात आहे. पण दादा, मला त्याचा सूर लागत नाहीये. मी रोज दुकान उघडताना करून बघते, आणि दरवेळी भोंगाकाकांच्या मुलासारखा हातोडाच आपटतो. आईला विचारून उपयोग नाही, तिला ऐकू येत नाही. तुला जमायचं, तुला सगळीच जमायची. तर रविवारी मी फोन करीन. हॅलो म्हणू नकोस, तब्येत विचारू नकोस, ‘मी सांगितलं होतं’ हे तर मुळीच नको. मी नुसतं ‘आले’ म्हणेन. पुढचं तू कर.